मध्यंतरातील निर्गम : अपेक्षा आणि आकांक्षा

१

नाटकाचा पहिला अंक संपतो, पडदा पडतो, प्रेक्षागारातील दिवे लागतात. आणि बाहेर पडलेल्या प्रेक्षकांपैकी काहीजण घंटा झाल्यावरही आपल्या जागी परतत नाहीत. नाट्यव्यवहारातील ही घटना इतकी परिचित आहे, की नाट्यचर्चेत तिचा उल्लेख बहुधा एखाद्या आख्यायिकेपुरता किंवा विनोदापुरता होतो. वस्तुतः रसिकाने नाट्यप्रयोगाला दिलेला हा सर्वांत प्रांजळ अभिप्राय होय. टाळ्या सौजन्यापोटी वाजवता येतात, प्रशंसा भिडेखातर करता येते, प्रयोगानंतर रंगपटात जाऊन केलेले अभिनंदन तर पुष्कळदा निव्वळ शिष्टाचार असतो. परंतु तिकिटाचे पैसे आणि नाटकासाठी राखून ठेवलेली संध्याकाळ ह्या दोहोंवर भिडेखातर पाणी सोडणारा प्रेक्षक सहसा संभवत नाही. म्हणून ह्या कृतीचा विचार गांभीर्याने होणे अगत्याचे आहे. मध्यंतरात निघून जाणारा प्रेक्षक नेमके काय म्हणतो, ते म्हणण्याचा अधिकार त्याला कितपत पोचतो, आणि नाट्यसमीक्षेने त्याच्या ह्या म्हणण्याचे मोल काय धरावे, असे तीन प्रश्न येथे उपस्थित होतात.

प्रेक्षकाच्या प्रतिसादाचा पद्धतशीर विचार भारतीय परंपरेला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीलाच वाहिलेला आहे. तेथे सिद्धीचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार सांगितले असून मानुषी सिद्धीची चिन्हे वाणीची आणि शरीराची अशी विभागली आहेत. स्मित, हास्य, साधुकार, हळहळीचे उद्गार ही वाणीची चिन्हे. रोमांच, वस्त्रदान आणि आसनावरून उठून उभे राहणे ही शरीराची. दैवी सिद्धीची लक्षणे मात्र निराळी आहेत. जेथे आवाज नाही, क्षोभ नाही, कोणताही उत्पात नाही आणि रंग पूर्णपणे भरलेला आहे, तेथे ही श्रेष्ठ सिद्धी मानावी, असा भरताचा आशय आहे.

ह्या विवेचनातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली अशी, की भरताच्या यादीत आसनावरून उठणे हे यशाचे चिन्ह आहे, आणि आजच्या नाट्यगृहात तीच शारीरिक क्रिया अपयशाचे चिन्ह ठरू शकते. चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध स्वभावसिद्ध नसून संकेतसिद्ध असतो, ह्या भाषाशास्त्रातील प्राथमिक सिद्धांताचे इतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल. दुसरी गोष्ट अशी, की श्रेष्ठ सिद्धीच्या लक्षणांत भरताने रंगाच्या पूर्णतेचा समावेश केला आहे. प्रयोगाचे यश केवळ रंगमंचावर घडत नाही. समोरच्या भरलेल्या आसनांचाही त्यात वाटा असतो. मध्यंतरानंतर रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या ह्या पूर्णतेलाच बाध आणतात.

तथापि मध्यंतरात तर बहुतेक सर्वच प्रेक्षक उठतात. म्हणजे येथे अर्थ उठण्याला नाही, न परतण्याला आहे; क्रियेला नाही, क्रियेच्या अभावाला आहे. अभावातून अर्थ कसा निष्पन्न होतो, हे वैयाकरणांना चांगले ठाऊक आहे. मराठीत ‘बसा’ ह्या रूपात आज्ञार्थाचा प्रत्यय ऐकू येतो, ‘बस’ ह्या रूपात काहीच ऐकू येत नाही. तरीही एकवचनी आज्ञेचा बोध निःसंदिग्ध होतो, कारण जेथे प्रत्यय असू शकला असता तेथे तो नाही, हे श्रोता जाणतो. रिकामी खुर्ची हा असाच शून्य प्रत्यय होय. पहिल्या अंकात ती भरलेली होती, एवढ्यामुळेच दुसऱ्या अंकात ती बोलू लागते. जी खुर्ची मुळातच विकली गेली नाही, तिचा अर्थ निराळा. तो नाट्यसंस्थेच्या हिशेबात पाहावा, समीक्षेत नव्हे.

२

मध्यंतराचे स्वरूपही थोडे तपासले पाहिजे. संस्कृत नाटकात अंकाच्या शेवटी सर्व पात्रांनी निष्क्रमण करावे असा संकेत होता. रंगमंच रिकामा होई. आधुनिक मध्यंतरात प्रेक्षागार रिकामे होते. नाटकाचे सातत्य आता रंगमंचाने नव्हे, बाहेर चहा घेत उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या मनाने सांभाळायचे असते.

मराठी रंगभूमीवर ह्या विरामाचे स्थान कालानुसार बदलत गेले आहे. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधाराच्या पद्यगायनाच्या आधाराने चालणारी ती आख्यानवजा रचना होती. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत नाटकाने पाच अंकांची बैठक आणली आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या प्रयोगात अनेक विराम आले. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले, त्या सुमारास नाटक आटोपशीर करण्याकडे ओढा वाढला. तीन अंकांची रचना रूढ झाली, आणि आज व्यावसायिक रंगभूमीवर दोन अंक आणि त्यांच्यामध्ये एकच मध्यंतर हीच प्रचलित मांडणी आहे. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ मध्ये आणि पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये सुरू झाले. अशा नाट्यगृहांतून मध्यंतरातील चहा-बटाटेवडा हा नाट्यसंस्कृतीचाच एक भाग होऊन बसला. ह्या परिवर्तनाचा एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. जेथे चार विराम होते तेथे प्रेक्षकाची नाराजी चार ठिकाणी विखुरली जाई. जेथे एकच विराम उरला तेथे तिला एकच दार उरले. त्यामुळे मध्यंतराला आज जवळजवळ कौल घेण्याचे स्वरूप आले आहे. लेखकाने आणि दिग्दर्शकाने अर्ध्या वाटेवर थांबून प्रेक्षकाला विचारलेला तो प्रश्न असतो: पुढे ऐकायचे आहे काय?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी भारतीय शाब्दबोधविचारातील एक संज्ञा उपयोगी पडते. पदांच्या समूहातून वाक्यार्थ निष्पन्न होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ह्या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. त्यांपैकी आकांक्षा म्हणजे एका पदाला अर्थपूर्तीसाठी दुसऱ्या पदाची असलेली गरज. ‘रामाने’ एवढेच उच्चारून वक्ता थांबला, तर श्रोत्याच्या मनात काय केले, कोणाला मारले, काय आणले, असे प्रश्न उभे राहतात. ते प्रश्न श्रोत्याने घरून आणलेले नसतात; ‘रामाने’ ह्या पदानेच ते निर्माण केलेले असतात. उलट अपेक्षा ही श्रोत्याबरोबर येते. नटांची कीर्ती, जाहिरातीतील शब्द, तिकिटाचा दर, मागच्या नाटकाची आठवण, शेजाऱ्याची शिफारस, ह्या साऱ्यांतून ती तयार होते आणि पडदा उघडण्यापूर्वीच पूर्ण झालेली असते.

दैनंदिन व्यवहारात ‘नाटकाने अपेक्षाभंग केला’ असे म्हणून ह्या दोन गोष्टींची गल्लत केली जाते. अपेक्षा आणि आकांक्षा ह्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. अपेक्षा पूर्ण होऊनही आकांक्षा निर्माण होत नाही, असे अनेक नाटकांच्या बाबतीत घडते. हवे ते मिळते, पण पुढचे हवेसे वाटत नाही. तसेच अपेक्षा साफ धुळीस मिळूनही आकांक्षा जागी होऊ शकते. मध्यंतरात निघून गेलेल्या प्रेक्षकाची अपेक्षा भंगली की त्याच्या ठिकाणी आकांक्षाच उत्पन्न झाली नाही, हे ठरविल्यावाचून त्याच्या निर्गमाचा अर्थ लावता येत नाही. पहिल्या प्रकारात दोष जाहिरातीचा किंवा प्रेक्षकाच्या पूर्वग्रहाचा असू शकतो. दुसऱ्या प्रकारात तो बहुधा नाटकाचा असतो. खंडित झालेल्या प्रयोजनात अविच्छेद राखणाऱ्या तत्त्वाला भरताने ‘बिंदू’ असे नाव देऊन अर्थप्रकृतींत स्थान दिले आहे. मध्यंतरापाशी ज्या नाटकात बिंदू सापडत नाही, त्याच्या प्रेक्षकाला घराची वाट आठवली तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

३

हा भेद एका प्रसिद्ध उदाहरणावर पारखून पाहता येईल. सॅम्युएल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक मूळ फ्रेंचमध्ये ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्या ‘तेआत्र द बाबिलोन’ मध्ये रॉजे ब्लँ यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम रंगभूमीवर आले. ऑगस्ट १९५५ मध्ये लंडनच्या आर्ट्स थिएटरमध्ये पीटर हॉल यांनी त्याचा इंग्रजी प्रयोग बसविला, तेव्हा प्रेक्षक प्रयोग चालू असताना आणि मध्यंतरातही उठून गेले. बहुतेक दैनिकांतील परीक्षणे प्रतिकूल होती. त्या आठवड्याच्या रविवारी हॅरल्ड हॉब्सन आणि केनेथ टायनन ह्या दोन समीक्षकांनी नाटकाची बाजू उचलून धरली आणि प्रयोग तगला. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकेतील मायामी येथे ॲलन श्नायडर यांनी केलेल्या प्रयोगाची गत याहून वाईट झाली. बर्ट लार आणि टॉम यूएल हे विनोदी भूमिकांसाठी ख्यातनाम असलेले नट त्यात होते, आणि नाटकाची जाहिरात दोन खंडांना हसवणारी खळबळजनक करमणूक अशा थाटाची होती. हसण्यासाठी आलेल्या त्या श्रोतृवर्गापैकी पुष्कळजण पहिल्या अंकानंतर परतलेच नाहीत.

ह्या निर्गमात एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. नाटकाचा पहिला अंक जेथे संपतो, तेथे व्लादिमिर आणि एस्ट्रॅगॉन ही दोन पात्रे निघून जायचे ठरवितात आणि जागची हलत नाहीत. रंगमंचावर जाण्याचा शब्द उच्चारला जातो पण कृती होत नाही. त्याच क्षणी प्रेक्षागारात शब्द न उच्चारता कृती होते. पात्रांना जे साधत नाही ते प्रेक्षकाला साधते, कारण प्रेक्षकाला कोणाची वाट पाहायची नसते.

परंतु निघून गेलेल्याने नेमके काय गमावले? कथानकाच्या दृष्टीने फारसे काही नाही, असे वरकरणी वाटते. दुसऱ्या अंकात तेच स्थळ, तीच वेळ, तीच दोघे. झाडाला मात्र चार-दोन पाने फुटलेली आहेत. पोझो आंधळा झाला आहे, लकी मुका झाला आहे, आणि निरोप घेऊन येणारा मुलगा आपण पूर्वी कधी आल्याचे नाकारतो. अंकाचा शेवटही पहिल्यासारखाच. ह्या पुनरावृत्तीलाच अनेकांनी नाटकाचा दोष मानले. वस्तुतः नाटकाचा अर्थ तिच्यातच सामावलेला आहे, आणि हे मराठीच्या एका साध्या क्रियारूपभेदाने स्पष्ट होऊ शकते. पहिल्या अंकाच्या शेवटी प्रेक्षकाच्या मनात तयार होणारे वाक्य ‘गोदो आला नाही’ असे आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तेच वाक्य ‘गोदो येत नाही’ असे होते. पहिल्यात एका घटनेचा नकार आहे, दुसऱ्यात एका रीतीचा. आज न आलेला मनुष्य उद्या येऊ शकतो. त्याचे न येणे हा अपघात असतो. जो येत नाही त्याचे न येणे हा जगाचा नियम असतो. अपघाताचे नियमात रूपांतर होण्यास किमान दोन उदाहरणे लागतात, आणि म्हणून नाटकाला दोन अंक लागतात. मध्यंतरात गेलेल्या प्रेक्षकाने अर्धे नाटक पाहिले असे म्हणणेही मग अपुरे ठरते. त्याने एक वेगळेच नाटक पाहिले.

मराठी भाषकाला ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो. ‘तो काल रात्रीच्या गाडीने पुण्याहून आला’ एवढे ऐकून उठलेल्या श्रोत्याला अखेरचा ‘नाही’ ऐकू आला नाही, तर त्याच्या पदरी वाक्याचा थोडासा भाग कमी पडत नाही. संपूर्ण अर्थ उलटा पडतो. काही नाटके अशा वाक्यांसारखी असतात. त्यांचे क्रियापद शेवटी असते.

ह्याच नाटकाच्या तिसऱ्या एका प्रयोगाची हकीकत येथे निर्णायक ठरते. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील ‘ॲक्टर्स वर्कशॉप’ने हर्बर्ट ब्लाउ यांच्या दिग्दर्शनाखाली सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगात सुमारे १,४०० बंदिवानांसमोर ‘गोदो’चा प्रयोग केला. मार्टिन एस्लिन यांनी आपल्या १९६१ सालच्या सुप्रसिद्ध ग्रंथाचा आरंभ ह्याच प्रसंगाने केला आहे. तुरुंगाच्या वृत्तपत्रातील वृत्तांताच्या आधारे ते सांगतात, की तिघे धट्टेकट्टे कैदी स्त्रिया आणि थट्टामस्करी पाहायला मिळेल ह्या आशेने कडेच्या जागा धरून बसले होते. तसे काही दिसेना तेव्हा दिवे मंदावताच सटकण्याचा बेत त्यांनी उघडपणे केला. परंतु दोन मिनिटे जास्त ऐकले आणि ते शेवटपर्यंत बसून राहिले.

मायामीचा प्रेक्षक आणि हे तिघे यांच्या अपेक्षेत तत्त्वतः काहीच फरक नव्हता. दोघांनाही करमणूक हवी होती, दोघांचीही अपेक्षा सारखीच भंगली. फरक पडला तो आकांक्षेत. वाट पाहणे म्हणजे काय, हे शिक्षेचे दिवस मोजणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही; त्यामुळे त्याच्या ठिकाणी पहिल्याच संवादांनी पुढच्या संवादांची गरज उत्पन्न केली. ह्यावरून आकांक्षा केवळ संहितेत असते असे म्हणता येत नाही. ती संहितेने जागी करायची असली, तरी ज्याच्या ठिकाणी ती जागी व्हायची त्याचा अनुभवही तितकाच कारण असतो. भिन्न वयाचे आणि भिन्न प्रकृतीचे प्रेक्षक भिन्न गोष्टींनी संतुष्ट होतात, हे भरतानेही सिद्धीच्या त्याच अध्यायात मान्य केले आहे.

४

येथवरच्या विवेचनातून कोणी असा निष्कर्ष काढील, की नाटक अर्धवट सोडून जाणारा प्रेक्षक नेहमीच चुकतो आणि रसिकाने शेवटपर्यंत बसून राहिलेच पाहिजे. ‘गोदो’चे उदाहरण अशा उपदेशासाठी वारंवार वापरले जाते; तो उपयोग तर्कदृष्ट्या सदोष आहे. ज्या नाटकांनी पुढे कीर्ती मिळविली, त्यांच्याच आरंभीच्या निर्गमांची नोंद इतिहासाने ठेवली. जी नाटके खरोखरच निःसत्त्व होती आणि ज्यांचे प्रेक्षक योग्य कारणाने निघून गेले, त्या नाटकांचे आणि त्या प्रेक्षकांचे स्मरण कोण ठेवणार? इतिहासात शिल्लक राहिलेल्या निर्गमांत चुकीच्या निर्गमांचे प्रमाण मोठे दिसते, ते नोंदीच्या ह्या पद्धतीमुळे. पंधरा मिनिटांत विझलेल्या नाटकातून मध्यंतरात उठलेला प्रेक्षक हा लंडनमधील त्या प्रेक्षकाचा सजातीय आहे, असे गृहीत धरणे म्हणजे प्रत्येक दुर्बोध कवीला महाकवी मानण्यासारखे आहे.

अर्ध्या प्रयोगावर मत बनविणे मुळातच अग्राह्य, हा दुसरा आक्षेपही मराठी रंगभूमीच्या इतिहासापुढे टिकत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतला’चा जो पहिला प्रयोग झाला, तो पहिल्या चार अंकांचाच होता. ‘सौभद्रा’चेही प्रथम, म्हणजे नोव्हेंबर १८८२ मध्ये, तीनच अंक रंगभूमीवर आले आणि संपूर्ण नाटक पुढच्या वर्षी झाले. मराठी संगीत रंगभूमीचा जन्मच अशा अपुऱ्या प्रयोगांतून झाला, आणि त्या अपुऱ्या प्रयोगांना लाभलेली पसंती इतिहासकारांनी निःशंकपणे ग्राह्य धरली आहे. अंशावरून दिलेली पसंती जर प्रमाण, तर अंशावरून दिलेली नापसंती अप्रमाण का?

ह्या प्रश्नाचे उत्तर पसंती आणि नापसंती यांच्या परिणामांतील भेदात आहे. चार अंकांना ‘वाहवा’ म्हणणारा प्रेक्षक उरलेले अंक पाहायला पुन्हा येतो. तेथे निराशा झाली तर तो आपले मत बदलू शकतो. म्हणजे पसंती ही स्वतःच्या दुरुस्तीची वाट मोकळी ठेवते. निघून जाणारा प्रेक्षक मात्र ज्या पुराव्याने त्याचे मत बदलले असते, त्याच पुराव्याकडे पाठ फिरवितो. त्याचे मत चुकीचे असेलच असे नाही. परंतु ते चुकीचे असल्यास तसे कळण्याचा मार्ग त्याने बंद केलेला असतो. म्हणून मध्यंतरातील निर्गमाला निर्णय म्हणण्यापेक्षा नकार म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. निर्णयाला कारणे द्यावी लागतात, नकाराला द्यावी लागत नाहीत.

कारणांचा शोध घ्यायचा झाल्यास तो अभ्यासकाने घ्यावा, आणि त्यासाठी अभिनवगुप्ताने सांगितलेले सात रसविघ्न हे आजही उपयुक्त साधन आहे. प्रतीतीची अयोग्यता, म्हणजे घटना संभवनीयच न वाटणे, प्रतीतीच्या साधनांची विकलता, स्फुटतेचा अभाव, जे प्रधान असावे त्याला गौणत्व येणे, भावाविषयी संशय राहणे, ही विघ्ने मुख्यतः नाटकाकडे, लेखनाकडे किंवा प्रयोगाकडे बोट दाखवितात. परंतु स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला प्रेक्षक, आणि रंगमंचावरील भाव स्वतःचा किंवा अमक्या व्यक्तीचाच असे मानून विशिष्ट स्थळकाळात अडकलेला प्रेक्षक, ही दोन विघ्ने प्रेक्षकाच्या बाजूची आहेत. कचेरीतील कटकट मनात घोळवीत नाट्यगृहात आलेला मनुष्य मध्यंतरात घरी गेला, तर त्याच्या रिकाम्या खुर्चीवरून नाटकाविषयी काहीच सिद्ध होत नाही. शेवटची लोकल गाठायची असलेला प्रेक्षकही निघून जातो. खुर्ची तीच, तिचे मौनही तेच. अर्थ मात्र सर्वस्वी वेगळा. म्हणून केवळ रिकाम्या खुर्च्या मोजून नाटकाची योग्यता ठरविणे हे शून्य प्रत्यय मोजून व्याकरण लिहिण्यासारखे होईल.

५

प्रेक्षकाचा हा हक्क समीक्षकाला मात्र लागू होत नाही. प्रेक्षक स्वतःपुरते बोलतो, समीक्षक इतरांसाठी बोलतो. आणि इतरांसाठी बोलणाऱ्याने वाक्य पुरते ऐकलेले असणे ही त्याच्या व्यवसायाची किमान अट आहे. पहिल्या अंकानंतर निघून गेलेल्या परीक्षकाने संपूर्ण नाटकावर अभिप्राय लिहिला, तर तो अभिप्राय कदाचित योग्यही निघेल, पण प्रामाणिक असणार नाही. लंडनमध्ये १९५५ साली हॉब्सन आणि टायनन यांच्या लेखनाला जे वजन आले, ते त्यांच्या अभिरुचीमुळे जितके, तितकेच ज्या गोष्टीकडे इतरांनी पाठ फिरविली ती त्यांनी अखेरपर्यंत पाहिली ह्यामुळे. कंटाळा येणे हा समीक्षकाचाही अनुभव असतो. मात्र त्याने कंटाळ्याचे कारण सांगायचे असते, आणि नाटकात कंटाळा साधन म्हणून आला आहे की दोष म्हणून, हे दुसरा अंक पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

निर्गमाची तुलना आणखी एका कृतीशी करणे उचित होईल. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणीसांच्या चित्रणावरून वाद उसळला, ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ ह्या निर्मात्या संस्थेनेच प्रयोग थांबविले, आणि नाटकातील मंडळींनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन करून पुढे ते पुन्हा उभे केले. अशा वादांत विरोधकाची मागणी नाटक कोणीच पाहू नये अशी असते. आणि ती करण्यासाठी त्याने नाटक पाहिलेले असण्याचीही गरज नसते. मध्यंतरात निघून जाणारा प्रेक्षक निदान अर्धे नाटक पाहून उठलेला असतो, आणि तो केवळ स्वतःला वजा करतो. शेजारच्या खुर्चीतील प्रेक्षकाच्या पाहण्यात तो व्यत्यय आणीत नाही. नाकारण्याचे जेवढे प्रकार प्रेक्षकाला उपलब्ध आहेत, त्यांत हा सर्वांत सुसंस्कृत म्हणावा लागेल. ज्या समाजात लोकांना नाटक सोडून जाता येते, तेथे ते बंद पाडण्याची निकड थोडी कमी भासावी, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.

ह्या दृष्टीने पाहता अलीकडे रूढ होत असलेल्या मध्यंतररहित नाट्यप्रयोगांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दीड तासाच्या अखंड प्रयोगात आशयाची घट्ट वीण साधते, वातावरण तुटत नाही, हे त्याचे लाभ निर्विवाद आहेत. एकांकिकेला तर विरामाची गरजच नसते. परंतु जेथे विराम केवळ प्रेक्षक निसटू नये म्हणून गाळला जातो, तेथे नाटक प्रेक्षकाला विचारावयाचा प्रश्नच विचारीत नाही. अंधारात, इतरांचे गुडघे ओलांडून, रंगमंचावरील नटाच्या डोळ्यांसमोरून जाण्याचे धैर्य फार थोड्यांना असते; उरलेले बसून राहतात. त्यांच्या बसून राहण्याला मग आकांक्षेचा पुरावा मानता येत नाही. जेथे ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, तेथे ‘हो’ ह्या उत्तरालाही अर्थ उरत नाही. मध्यंतरानंतर परतणाऱ्या प्रेक्षकाने नाटकाला जी संमती दिलेली असते, ती निघून जाण्याची वाट उघडी असल्यामुळेच मोलाची असते.

सारांश, निर्गमाचा अर्थ लावू पाहणाऱ्या अभ्यासकाने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. प्रेक्षकाने बरोबर काय आणले होते. पहिल्या अंकाने त्याच्या मनात कोणती गरज उत्पन्न केली किंवा केली नाही. आणि त्या नाटकाचे क्रियापद कोठे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत आणि सामाजिक परिस्थितीत शोधावे, दुसऱ्याचे प्रयोगात, तिसऱ्याचे संहितेत. ह्या तिन्हींची उत्तरे एकाच बाजूला झुकत असतील, तर निघून गेलेल्या प्रेक्षकाचा नकार समीक्षकानेही आपल्या निर्णयाला आधारभूत मानावा. ती परस्परविरुद्ध असतील, तर तेथे अभ्यासाला खरा विषय आहे असे समजावे; कारण मायामीचे नाट्यगृह आणि सॅन क्वेन्टिनचा तुरुंग यांच्यातील अंतर अशाच विरोधाने मोजता येते. विभागातील जे विद्यार्थी नाट्यप्रयोगांच्या स्वागताचा इतिहास हा संशोधनविषय म्हणून निवडतात, त्यांनी वृत्तपत्रीय परीक्षणांबरोबर प्रयोगांच्या जाहिराती, अंकांची रचना आणि मध्यंतराची जागा यांचीही नोंद घेत जावी. शेवटपर्यंत बसलेल्यांचे म्हणणे लेखी स्वरूपात मिळते. उठून गेलेल्यांचे म्हणणे अशा आडवाटेनेच हाती लागण्यासारखे आहे.